बाई क्रमांक दोन

भाड्याने जागा देताना लोक आधी आडनाव विचारतात. आडनावावरून काही कळलं नाही तर गाव विचारतात, गावावरून कळलं नाही तर कुलदैवत. देवगडच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला मी घाटावरून आले, तेव्हा जामसंड्यातल्या दोन-तीन घरांच्या ओट्यांवर ही तोंडी परीक्षा देऊन दमले होते. मग एका दारात एक उंच, सडपातळ, पिकल्या केसांच्या बाई आल्या. गळ्यात दागिना नव्हता. काळ्या दोऱ्यात बांधलेला टीव्हीचा रिमोट लोंबत होता. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "पिक्चर बघतंस काय गो?"

"बघते की."

"एकच पिक्चर दोनदा बघतलंस?"

"चांगला असला तर बघेन."

"वायट असलो तरी बघूचो लागतलो. वायटच दोनदा बघूचो असता. वरची खोली तुझी. मांजराक दूध घालू नको, तां आधीच माजलेलां आसा."

माझं नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. आडनाव विचारलंच नाही. पुढे कधीतरी माझं कुरिअर आलं तेव्हा त्यांना ते कळलं, आणि त्या म्हणाल्या, "असां काय? बरां."

जामसंड्यात बायका पुष्कळ, पण नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच. आयुष्यभर हायस्कुलात हिंदी शिकवली. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर जांभ्या दगडाचं, वर एक खोली असलेलं घर बांधलं आणि पुढच्या खोलीत भिंत भरेल एवढा टीव्ही आणला. गावात त्यांच्याविषयी दोन मतं होती. एक, बाई फार हुशार. दोन, बाईंकडे पिक्चर बघायला जाऊ नये.

दुसरं मत मला पहिल्याच रविवारी पटलं. सिनेमा ऐन रंगात आला की बाई गळ्यातला रिमोट उचलायच्या आणि पडद्यावरची माणसं हात उगारल्या जागी थिजायची. "थांब. ह्या बाईच्या मागे कोण उभी आसा?" आपण बघायचं, तर खरंच कुणीतरी उभी असायची, डोक्यावर घमेलं घेऊन. "कोण ती?" कोण कसं सांगणार? "म्हायत नाय मा? बघणाऱ्याक नाय, काढणाऱ्याकय नाय." मग सिनेमा पुढे. शेजारच्या घरातल्या लग्नाचा व्हिडिओसुद्धा त्यांनी असाच मध्ये थांबवला होता. "ह्यो पंगतीत वाढता तो कोण?" नवऱ्या मुलीच्या बापाला ते सांगता आलं नाही. त्या घरातलं कुणी पुन्हा बाईंच्या खोलीत सिनेमा बघायला बसलं नाही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही.

सिनेमा संपला की आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ व्हायची आणि तोच सिनेमा पुन्हा लागायचा, आवाज पूर्ण बंद करून.

"आवाज माणसाक फसवता," बाई म्हणायच्या. "आवाज बंद कर आणि बघ, कोण उभो आसा, कोण बसलो आसा, कोण दारात आसा नि कोण दाराभायर."

एका सिनेमात जमीनदाराचा शिकलेला मुलगा वाडीतल्या म्हाताऱ्याला वाड्यात बोलावून मिठी मारतो. मी पहिल्या वेळी डोळे पुसले होते. दुसऱ्या वेळी, बिनआवाजाचं, तेच पाहिलं. मुलाचा चेहरा सबंध पडदाभर होता. म्हाताऱ्याची फक्त पाठ. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ. मिठी सुटली आणि कॅमेरा मुलाबरोबर निघून गेला.

"आमच्या पाठीचे पिक्चर लय झाले," बाई म्हणाल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

बाईंचं मूळ गाव खाडीच्या वरच्या अंगाला, एसटीने तासाभरावर. तिथल्या बौद्धवाडीत त्यांचा जन्म. हे त्यांनी मला काही गुपित म्हणून सांगितलं नाही, आणि अभिमान म्हणूनही नाही. आपलं घर पश्चिमेला तोंड करून आहे, इतक्या सहज सांगितलं.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. अन्यायाचा कुठलाही सिनेमा संपला की विचारायच्या, "मारणाऱ्याचां नाव काय होतां?" ते मला पटकन सांगता यायचं, बापाच्या नावासकट. "आणि मार खाणाऱ्याचां?" मी आठवत राहायचे. दर वेळी. कणकवलीच्या थेटरात एकदा त्यांनी हा प्रश्न भर सिनेमात, उभं राहून, मोठ्याने विचारला. पडद्यावर एका बाईला झाडाला बांधलं होतं. मागून आवाज आले, "बसा हो खाली!" बॅटरी घेऊन दार राखणारा माणूस धावत आला.

"बाईंनू, बसा."

"बसतंय. आधी तिचां नाव सांग."

त्याने पडद्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "माका काय म्हायत? मी रोज बघतंय, पण नाव कोण घेणाच नाय."

"बघ," बाई मला म्हणाल्या, "रोज बघता तो." आणि बसल्या.

त्यांची भाषासुद्धा उलटी चालायची. इकडची माणसं तहसीलदारासमोर गेली की 'माका-तुका' उंबऱ्याबाहेर ठेवतात. बाई कचेरीत शिरल्या की ठेवणीतली मालवणी काढायच्या आणि घरी मांजराशी मात्र शुद्ध पुस्तकी मराठीत बोलायच्या. "कृपया ओट्यावरून खाली उतरावे," असं त्या मांजराला सांगत आणि ते उतरत नसे. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "हाफिसात आपल्या भाषेत बोललां की समोरच्याक कान देवचो लागता. मांजराक काय, तां कुठल्याच भाषेत ऐकना नाय."

मी तिथे राहायला आल्याच्या चौथ्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, बाईंच्या भावजयीचा फोन आला. भावजयीचं नाव सुलोचना, पण सगळे सुली म्हणत. चाळिशीची, ठसठशीत, अंगणवाडीत शिकवणारी. ती फोनवर ओरडत होती ते मला वरच्या खोलीत ऐकू येत होतं. "वन्सं, आपल्या बावीर पिक्चर काढतत! आपल्या काशीआयेचो पिक्चर!"

बाव म्हणजे विहीर. ही गोष्ट बाईंच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकली होती की ती मला माझ्या घरातली वाटायची. त्यांच्या गावात एकच बारमाही विहीर, वरच्या वाडीत. बौद्धवाडीतल्या बायकांनी विहिरीपासून लांब, फणसाखाली उभं राहायचं. कुणाला दया आली तर ती वरून त्यांच्या कळशीत पाणी ओतणार. आणि गंमत अशी की त्या विहिरीचा दोर बौद्धवाडीतच वळला जायचा, काथ्याचा. "आमचो दोर पाण्यात जायचो, आमी नाय," बाई म्हणायच्या. एका वैशाखात बाईंची आई, काशी, आणि तिच्याबरोबर देवकी, मनू आणि चिमी, अशा चौघी सकाळी उठल्या, घरात वळलेला नवा कोरा दोर खांद्यावर टाकला आणि सरळ विहिरीवर गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी वाट करून दिली नव्हती. काशी पोटुशी होती.

"मी थय होतंय," बाई सांगायच्या. "पोटात. मी साक्षीदार आसंय. फकत माका दिसलां काय नाय."

मे महिन्याची सुट्टी लागली होती. मी घरी जाणार होते. गेले नाही. बाईंबरोबर त्यांच्या गावी गेले.

सिनेमावाल्यांनी विहिरीभोवतीचा सिमेंटचा कट्टा मातीने झाकून जुना केला होता. दिग्दर्शक तिशीचा, चष्मा लावणारा, मनाने चांगला मुलगा होता. त्याने ही हकिगत कुणाकडून तरी ऐकली होती आणि तिने तो खरोखर भारावला होता. वाडीतल्या बायकाच त्याने विहिरीवरच्या बायकांच्या कामासाठी घेतल्या होत्या. त्यांना जुन्या वळणाची मालवणी बोलता यावी म्हणून कुणीतरी शिकवायला हवं होतं, म्हणून सुलीने बाईंचं नाव सुचवलं होतं. त्याने बाईंना वाकून नमस्कार केला आणि प्रसंग वाचून दाखवला.

बायका फणसाखाली उभ्या. तहानलेली मुलं रडत आहेत. खोताचा मुंबईत शिकलेला मुलगा घोड्यावरून येतो. त्याला हे दृश्य पाहवत नाही. तो विहिरीवर जातो, स्वतः पाणी शेंदतो आणि एकेकीच्या कळशीत ओततो. बायका हुंदके देत त्याच्या पायांवर कोसळतात.

बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "घोडो? ह्या उभ्या चढणीच्या घाटयेत?"

दिग्दर्शक हसला. "ते थोडं सिनेमासाठी."

"बरां. बायकांची नावां काय?"

त्याने कागद चाळले. "बाई क्रमांक एक, बाई क्रमांक दोन, तीन आणि म्हातारी."

"ह्यातली माझी आवस, काशी, खंयची?"

तो गोंधळला. "बहुतेक... दोन."

सुलीने तोंडावर पदर धरला. मला वाटलं, आता बाई कागद फाडणार. पण त्या फार थंड आवाजात बोलल्या. "रे झिला, थय खोताचो झील नव्हतो. थय कोणच नव्हतो. तांच तर सांगण्यासारख्यां आसा."

"बाई, मला कळतंय. पण प्रेक्षकांना एक ओळखीचा चेहरा लागतो. ज्याच्या डोळ्यांनी ते बघतील असा."

"मगे आमची वळख करून दी की."

तो म्हणाला, निर्माते ऐकणार नाहीत, हिरोच्या तारखा घेऊन झाल्यात, फार ताणलं तर युनिट खारेपाटणच्या बाजूला दुसरी विहीर बघेल. वाडीतल्या बायकांचे चेहरे उतरले. काम मिळणार म्हणून त्या हरखल्या होत्या. त्यापेक्षा जास्त, आपल्या आज्या पडद्यावर दिसणार म्हणून. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या एकदम म्हणाल्या, "नको नको, बदलू नको काय. मी फकत भाषा शिकवतंय."

मला बाई इतक्या लवकर हार मानतील असं वाटलं नव्हतं. मी परतताना तसं बोलले. त्या फक्त म्हणाल्या, "तू रसायन शिकवतंस मा? मगे थोडां थांबूक शिक."

दुसऱ्या दिवसापासून सुलीच्या पडवीत भाषेची शिकवणी सुरू झाली. मी चहा गाळायला असायचे, म्हणून मी सगळं पाहिलं. 'कळशी' कसं म्हणायचं, 'शेंदणे'ला काय म्हणायचं हे पंधरा मिनिटांत उरकायचं. मग बाई विचारायच्या, "देवकी कोणाची आजी?" एक मुलगी हात वर करायची. नर्सिंगला शिकणारी, सुट्टीवर आलेली. "ती कशी चलायची?" ती उठून चालून दाखवायची, एक पाय ओढत. "मनू?" मनूच्या सुनेने सांगितलं की मनू घाबरली की शिव्या द्यायची. सगळ्या हसल्या. "हसा," बाई म्हणाल्या. "त्या दिवशीय त्यो चौघी हसलेल्यो."

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली जी मीही ऐकली नव्हती. विहिरीवर पोचल्यावर चिमीचे हात इतके कापत होते की तिची कळशी सुटून धाडकन पाण्यात पडली. वरच्या वाडीतली माणसं गोळा होत होती, कुणी दगड उचलला होता, आणि ह्या चौघी विहिरीत बघत उभ्या. मग मनूने चिमीला एक सणसणीत शिवी घातली, आणि काशीला हसू फुटलं. काशी हसली म्हणून देवकी हसली. चौघी विहिरीच्या कट्ट्यावर वाकून, पोट धरून हसत सुटल्या. ज्याच्या हातात दगड होता त्याला ते हसू कळेना. रडणाऱ्या बाईवर दगड टाकता येतो. अशा हसणाऱ्या बाईवर कसा टाकायचा हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"मगे?" नर्सिंगवाली म्हणाली.

"मगे काय? कळशी वर काढल्यानी, आणि पाणी पिल्यानी."

विहिरीचा प्रसंग चित्रित व्हायच्या दिवशी सगळं गाव लोटलं होतं. सुलीच्या नऊवारीखाली उशी बांधली होती. पोटुशी बाई असावी हे बाईंचं एवढं एक म्हणणं दिग्दर्शकाने आनंदाने मान्य केलं होतं. बाई माझ्या कानात म्हणाल्या, "ती उशी म्हणजे मी."

कॅमेरा सुरू झाला. बायका फणसाखाली. मुलं रडली. घोडा आला. घाटीवरून यायला तयार नव्हता, त्याला मागून ढकलत आणला होता. हिरो उतरला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तो विहिरीकडे निघाला. आणि त्याच्या आधी सुली निघाली.

खांद्यावर दोर. मागे देवकीची नात, एक पाय ओढत. मागे मनूची सून, मागे चिमीची पणती. हिरोने दोर घ्यायला हात पुढे केला, जसा ठरला होता. सुली त्याच्या हाताला वळसा घालून पुढे गेली, रस्त्यातल्या खांबाला घालतात तसा. विहिरीच्या काठावर ती उभी राहिली आणि तिने मोठ्याने हाक मारली, "देवके! मने! चिमे! इलास मा सगळी?"

"इलांव गो काशी!"

चिमीच्या पणतीच्या हातातून कळशी सुटली. ठरवून सुटली की खरीच, हे ती आजही सांगत नाही. धाडकन आवाज झाला. मनूच्या सुनेने सासूची ती जुनी शिवी हासडली. मग सुलीला हसू आलं, आणि ते खरंखुरं होतं. उशी सावरत ती हसली, तिघी हसल्या, मागे फणसाखालच्या बायका हसल्या. दोर खाली गेला, कळशी वर आली, आणि सुली ओंजळ भरून पाणी प्यायली. हनुवटीवरून पाणी ओघळलं ते तिने पुसलं नाही. कॅमेऱ्याकडे तिचा सबंध चेहरा होता.

दिग्दर्शक 'कट' म्हणाला नाही. तो विसरला होता. शेवटी हिरोच बोलला. मोठा नट होता तो, त्याच्या नावावर तो सिनेमा उभा होता. घोड्याचा लगाम हातात धरून तो उभा होता. म्हणाला, "हे ठेवा. माझं इथे काही काम नाही." आणि घोडा घेऊन सावलीत गेला.

दिग्दर्शक बाईंकडे आला. चष्मा काढून पुसत म्हणाला, "तुम्ही फक्त भाषा शिकवत होतात ना?"

"होय तर. चुकली काय खंय?"

निर्माते रागावले, मुंबईहून फोन झाले. पण ज्याच्या नावावर पैसे लागले होते तोच माणूस 'घोडा काढा' म्हणत होता. घोडा परत गेला.

इथेच संपलं असतं तरी चाललं असतं. पण बाईंनी दुसरा प्रश्न काढला. "बाव झाली. पुढच्या पावसाळ्यात काय खाल्लां, तां कोण दाखवतलो?"

कारण त्या चौघींना तेव्हा त्या हसण्याची किंमत मोजावी लागली होती. दुसऱ्याच दिवसापासून गावाने बौद्धवाडीला काम दिलं नाही. गावातल्या एकुलत्या एका दुकानात त्यांना सामान मिळेना. ते दुकान अप्पांच्या आजोबांचं. अप्पा वरच्या वाडीतले, सत्तरीचे, देवळाच्या कमिटीवरचे. त्यांची मुलं बाईंच्या हाताखाली शिकलेली. आजोबांचा प्रसंग घालणार हे कळल्यावर ते सुलीच्या पडवीत आले. आले तेच तांबडेलाल होऊन.

"बाईंनू, माझ्या आज्याक खलनायक करतलास?"

"बसा अप्पा. पाणी घेवा."

त्यांनी पाणी घेतलं, प्यायले. "जुन्या गोष्टी कित्याक उकरतास? तो देवमाणूस होतो. पोरांका गोळयो वाटायचो."

"माकाय दिल्यान होती," बाई म्हणाल्या. "मी मोठी झालंय तेव्हा. हातावर टाकल्यान, वरसून, हात न लावता. पण दिल्यान. अप्पा, मी त्या पिक्चरवाल्याक खलनायक कर म्हणूक नाय. मी सांगतंय, करू नको. मिशी पिळणारो, ओरडणारो दाखवलो काय सगळो गाव म्हणतलो, आमच्यात असो कोण नव्हतो. साधो माणूस दाखवा. देवाक भिणारो, गोळयो वाटणारो. फकत त्या दिवशी दुकानात मीठ नाय म्हणालो, तेवढां दाखवा."

अप्पा उठून गेले.

दुकानाचा प्रसंग लागला तेव्हा मुंबईहून आलेल्या एका धिप्पाड नटाला मिशी चिकटवून गल्ल्यावर बसवलं होतं. त्याने पहिल्याच वेळी डोळे वटारून, गल्ल्यावर मूठ आपटून 'मीठ नाय!' अशी आरोळी ठोकली. गर्दीतून आवाज आला, "असो नव्हतो."

अप्पा होते. ते पुढे आले. "माझो आजो ओरडणा नसा. हळू बोलायचो. तो... तो असो नव्हतो बसत."

दिग्दर्शकाला एव्हाना गावाचं ऐकायची सवय लागली होती. "मग कसे बसायचे? दाखवता का?"

अप्पा गल्ल्यावर बसले. आजोबांसारखे, एक गुडघा वर घेऊन. कुणीतरी त्यांच्या डोक्यावर काळी टोपी ठेवली. सुली काशी होऊन दुकानासमोर उभी राहिली, उशी बांधून. "मीठ देवा."

अप्पांना बोलता येईना. कॅमेरा थांबला, पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांचं लक्ष फक्त अप्पांकडे होतं. शेवटी अप्पांनी तागडी हातात घेतली, ती उगाच पुसू लागले, आणि मान खाली घालून, अगदी मऊ आवाजात, एखाद्या सोयऱ्याला सांगावं तसं म्हणाले, "मीठ नाय गो."

मिठाची गोणी त्यांच्या गुडघ्याला टेकलेली होती. आरोळीपेक्षा भयंकर अशी ही गोष्ट मी कुठल्या पडद्यावरही पाहिली नव्हती.

मग काशीने दिलेलं उत्तर सुलीने दिलं, जे वाडीत पोराबाळांना पाठ आहे. "दुकानात नाय तर नाय. खाडी तुमच्या बापाशीची नाय." आणि पाठ न दाखवता, तोंड दुकानाकडेच ठेवून चार पावलं मागे गेली, मग वळली.

पुढचा प्रसंग खाडीवर. बायकांनी तेव्हा खरोखरच खाडीचं पाणी उन्हात, मग चुलीवर आटवून मीठ केलं होतं. पाऊस लागेपर्यंत मडकी भरून ठेवली होती. खाडीतल्या शिंपल्यांवर, म्हणजे तिसऱ्यांवर, आणि कणग्यांच्या कंदांवर तो पावसाळा काढला होता, आणि रोज सकाळी विहिरीवर गेल्या होत्या. रोज. दिवाळीपर्यंत दगड उचलणारे कंटाळले.

अप्पा गल्ल्यावरून उतरले ते बाईंसमोर येऊन उभे राहिले. टोपी हातात होती. "बाईंनू," ते म्हणाले, "बोलूक किती सोपां गेलां तां."

"होय," बाई म्हणाल्या. "म्हणून तर दाखवूचां." आणि आपल्या जागेवरची खुर्ची त्यांना दिली.

शेवटच्या दिवशी दिग्दर्शकाने बाईंना विचारलं की सिनेमा संपवायचा कसा. त्याच्या मनात हिरोचं एक भाषण होतं, पण आता ते म्हणायची खुद्द हिरोचीही तयारी नव्हती. बाईंनी त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. तो आधी चकित झाला, मग मोठ्याने हसला. त्या दुपारी विहिरीवर दोन्ही वाड्यांतल्या बायकांना बोलावून त्यांनी काहीतरी चित्रित केलं. मला मात्र बाईंनी मांजरासाठी जामसंड्याला परत पाठवलं होतं, म्हणून ते मी पाहिलं नाही.

पाहिलं ते पुढच्या वर्षी, गावच्या शाळेच्या मैदानावर, संध्याकाळी. मोठा पांढरा पडदा बांधला होता. पहिल्या रांगेत सुली, तिच्या शेजारी अप्पा, मग बाई. विहिरीच्या प्रसंगाला 'देवके! मने! चिमे!' अशी हाक पडद्यावरून आली, आणि मैदानातून, मागच्या अंधारातून, ठरवल्यासारखा आवाज उठला, "इलांव गो काशी!" शिट्ट्या, टाळ्या. 'मीठ नाय गो'ला कुणी खोकलंसुद्धा नाही. अप्पांनी मान खाली घातली नाही. पडद्याकडे बघत राहिले. खाडीच्या उत्तराला मैदान उभं राहिलं, त्यात वरच्या वाडीतलेही होते.

मग शेवट आला. पडद्यावर तीच विहीर, पण पुढची काही वर्षं लोटलेली. दोन्ही वाड्यांतल्या बायका विहिरीवर, घागरींची रांग लागलेली, आणि कडाक्याचं भांडण जुंपलेलं. "माझी पाळी!" "तुझी खंयची? मी पयली इलंय!" "सकाळी सकाळी डोक्यां खाव नको!" वरच्या वाडीतली एक ठेंगणी म्हातारी आणि काशी कंबरेवर हात ठेवून समोरासमोर, नाकाला नाक लावून. कुणी कुणापासून लांब उभं नव्हतं. कुणी कुणावर दया करत नव्हतं. ओलं अंग ओल्या अंगाला लागत होतं, घागरी एकमेकींवर आपटत होत्या, आणि दोर एकच होता, दोघींनी दोन्ही टोकांना धरलेला.

मैदान हसून लोटपोट झालं. वरच्या वाडीतली ती खरीखुरी म्हातारी, जिने ते काम केलं होतं, आपल्या जागेवरून ताडकन उठली आणि पडद्यावरच्या काशीला ओरडून म्हणाली, "अगो, खोटां बोलतां तां! पाळी माझीच होती!"

"तुझी नव्हती!" बाई उठून ओरडल्या. हायस्कूलच्या निवृत्त बाई, कंबरेवर हात ठेवून, भर मैदानात. "काशीची होती!"

"माझी!"

"काशीची!"

आणि दोघी हसत हसत, आवाज चढवत, भांडत राहिल्या. सिनेमा संपला तरी कुणी उठलं नाही.